खर्जाचें गाणें

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुलांच्या शिक्षणाचे, विवाहाचे व आरोग्याचे प्रश्न पुष्कळ असतात. वाद्याविषयींचा प्रश्न क्वचितच येतो. म्हणून गेल्या महिन्यांत एका गृहस्थांचें पत्र हातीं पडलें तें मीं दोनदां वाचलें. त्यांचें कुटुंब एकत्र आहे. वडील, दोघे बंधु, त्यांचीं मुलेंबाळें असा चौदा माणसांचा संसार. थोरल्या नातवानें कॉलेजांत गेल्यापासून बास गिटार धरिली आहे. आजोबांनीं उभा जन्म शास्त्रीय गायन ऐकण्यांत घालविलेला, त्यांचें म्हणणें, "हें साथीचें वाद्य. ज्यांत गाणें नाहीं तें शिकून काय करावयाचें? सतार घे, बासरी घे." नातू म्हणतो, "आजोबा, आमच्या जॅझ-फ्यूजनमध्यें बास पुढें असते, बाकीचे मागें असतात." दोघांपैकीं खरें कोणाचें तें सांगा, असा पत्रलेखकांचा आग्रह आहे. वाद दिसावयास लहान. परंतु या वादापासून आजोबांनीं नातवापाशीं संगीताचा विषय काढणेंच सोडलें, असें पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे. ज्या घरांत दोन पिढ्या एकाच दिवाणखान्यांत गाणें ऐकत, तेथें हें मौन बरें नव्हे. म्हणून उत्तर थोडें सविस्तर लिहितों.

प्रथम वाद्य कोणतें तें पाहूं. बास गिटारीला बहुधा चार जाड तारा असतात. साध्या गिटारीच्या ज्या चार जाड तारा, त्यांचेच हे स्वर. परंतु एक सप्तक खालीं. प्रत्येक तार आपल्या आधीच्या तारेच्या मध्यमांत लाविलेली असते. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. आपल्या गवयांचा खर्जसुद्धां सहसा इतका खोल उतरत नाहीं.

पाश्चात्य वाद्यवृंदांत हें काम पूर्वीं पुरुषभर उंचीचें लांकडी डबल बास करीत असे, व अजूनहि करितें. जॅझमध्यें त्याच्याकडे कामें दोन. लयीचे ठोके अखंड चालवावयाचे हें एक. आणि वरचीं वाद्यें जो स्वरसंघात घेतील, ज्याला तिकडे कॉर्ड म्हणतात, त्याचा मूळ स्वर खालून द्यावयाचा हें दुसरें. तंबोरा व डग्गा या दोहोंचें ओझें एकाच गड्याच्या डोक्यावर द्यावें तसा हा प्रकार आहे. श्रोत्यांचें लक्ष ट्रंपेटकडे, सॅक्सोफोनकडे असतें. बासकडे कोणी पाहत नाहीं. पण तें दोन क्षण थांबलें कीं सारी इमारत खचल्यासारखी वाटते. म्हणजे आजोबांचें म्हणणें अर्धें तरी खरें आहे, आणि तें त्या अर्ध्यापुरतें मोकळ्या मनानें मान्य करावें.

परंतु बास मागें राहिलें तें केवळ योग्यता नव्हती म्हणून नव्हे. मनुष्याच्या कानाला मंद्र स्वर मुळांतच मंद ऐकूं येतात. तितक्याच जोरानें वाजविलेला तार स्वर त्यांस झांकून टाकतो. लांकडी बास कितीहि कसून वाजविलें तरी पांचसहा पितळी वाद्यांपुढें त्याची मात्रा चालत नसे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदांत जिमी ब्लँटन नांवाचा एक तरुण १९३९ मध्यें आला. त्यानें या वाद्यांतून गाणें काढून दाखविलें, आणि एलिंग्टननें केवळ पियानो व बास असें द्वंद्ववादन त्याच्याबरोबर ध्वनिमुद्रित केलें. पण १९४२ मध्यें क्षयानें तो गेला. वय अवघें २३. पुढें चार्ल्स मिंगस यानें तर बास हातीं धरूनच स्वतःचे वाद्यवृंद चालविले. तरीहि हे अपवाद राहिले. वाद्यालाच मोठा आवाज मिळाल्यावांचून त्याची पंगत बदलणें शक्य नव्हतें.

तो आवाज विजेनें दिला. १९५१ मध्यें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाच्या, पूर्वीं रेडिओ दुरुस्तीचें दुकान चालविणाऱ्या गृहस्थानें बास आडवें केलें, गिटारीसारखें गळ्यांत अडकविलें, तारांखालीं चुंबक व तारेचें वेटोळें बसविलें, आणि मानेवर धातूचे पडदे ठोकले. सिअॅटलच्या पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत असा प्रयत्न केला होता, परंतु तो रुजला नाहीं, फेंडरचा रुजला. त्यानें वाद्याचें नांव ठेविलें 'प्रिसिजन', म्हणजे नेमकेपणा. सतारीवर जसें पडद्यामागें बोट किंचित् इकडेतिकडे पडलें तरी स्वर ठरलेलाच निघतो, तसें येथें झालें. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याची गंमत आहे.

येथें एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतों, कारण घरोघरच्या निम्म्या तक्रारीचें मूळ तिच्यांत आहे. "हें वाद्य ऐकूंच येत नाहीं" असें जे वडीलधारे म्हणतात, त्यांनीं तें बहुधा मोबाईलच्या लहानशा स्पीकरवर ऐकलेलें असतें. सेकंदास ४१ कंपांचा स्वर त्या बोटभर पडद्यांतून बाहेर पडणें अशक्य आहे. बाहेर पडतात ते फक्त त्याचे वरचे अंश, तेहि अर्धवट. ज्यानें तंबोऱ्याची खर्जाची तार काढून टाकून मैफल ऐकली, त्यानें खर्जावर निकाल देऊं नये. कानाला लावावयाचे चांगले हेडफोन किंवा मोठा स्पीकर घेऊन एकवार ऐकावें आणि मग काय तें बोलावें.

आतां जॅझ-फ्यूजन म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. जॅझमध्यें एक चीज ठरलेली असते. तिचा विस्तार वादक आयत्या वेळीं करितात. इतक्यापुरतें आपल्या वाचकांस तें परकें वाटूं नये. १९६९ मध्यें माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकानें 'इन ए सायलेंट वे' हें ध्वनिमुद्रण केलें. त्यांत जॅझचा विस्तार, रॉक संगीताचा ठेका व विजेचीं वाद्यें यांचा मिलाफ होता. त्या एका खोलींत जे तरुण बसले होते त्यांनींच पुढें निरनिराळे संघ काढले. व्हिएन्नाचा जो झाविनुल व सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांनीं 'वेदर रिपोर्ट' काढला, चिक कोरियानें 'रिटर्न टु फॉरेव्हर' काढला, आणि जॉन मॅकलॉफ्लिन यानें 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' काढला. हें नांव त्याच्या बंगाली गुरूंनीं दिलेलें होतें. विजेमुळें या संघांत सर्व वाद्यांचा आवाज सारखा झाला. मग जें वाद्य शतकभर पडद्याआड होतें, त्यानें पुढें यावें कीं नाहीं, हा प्रश्न केवळ वादकाच्या अंगच्या गुणाचा उरला.

तो गुण ज्याच्या अंगीं सर्वांत अधिक होता, तो जॅको पॅस्टोरियस. जन्म १ डिसेंबर १९५१, पेनसिल्व्हेनियांत. म्हणजे फेंडरची बास व हा मनुष्य समवयस्क. वाढला फ्लोरिडांत. वडील गायक व ड्रमवादक. हा मुलगाहि प्रथम ड्रमच वाजवीत असे. तेराव्या वर्षाच्या सुमारास फुटबॉल खेळतांना मनगट दुखावलें आणि तो हळूहळू बासकडे वळला. लय आधीं व स्वर मागाहून, असा त्याच्या शिक्षणाचा क्रम पडला. आणि माझ्या मतें त्याच्या सर्व यशाची गुरुकिल्ली येथेंच आहे.

त्याच्याजवळ १९६२ सालीं बनलेली फेंडरची 'जॅझ बास' होती. तिच्या मानेवरचे पडदे त्यानें काढून टाकले. ज्या पडद्यांसाठीं फेंडरनें वाद्यास 'नेमकेपणा' असें नांव दिलें होतें, तेच यानें उपटले! पडदे निघाल्यावर राहिलेल्या खांचा लांबीनें बुजविल्या. तारा होत्या गुंडाळीच्या पोलादाच्या. त्या उघड्या लांकडाला कानशीप्रमाणें खाऊन टाकतील, म्हणून होडीला लावतात तसल्या कठीण रोगणाचे थर मानेवर चढविले. केलें तें लांकूड वांचविण्यासाठीं. पण त्यांतून निघालें भलतेंच रत्न. त्या कांचेसारख्या पृष्ठभागाला कंप पावणारी तार किंचित् चाटून जाते आणि स्वर लागल्यानंतर फुलत जातो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोऱ्याचा तुकडा सरकवून आपण जी जवारी लावितों, तिच्यामागचें तत्त्व हेंच आहे. शिवाय पडदा नसल्यामुळें मींड मोकळी झाली. सतार सोडून सरोदीवर आल्यासारखें हें झालें. मात्र दोन स्वरांच्या मधला रस्ता ज्याला ठाऊक नाहीं त्याला तेथें क्षणभरहि लपावयास जागा नाहीं. आणखी एक युक्ति. तो घोडीच्या अगदीं जवळ छेड काढी व तिकडीलच चुंबकाचा आवाज वापरी. त्यानें स्वराचा धूसरपणा जाऊन त्याला मनुष्याच्या कंठासारखी, किंचित् सानुनासिक अशी स्पष्टता आली.

१९७६ मध्यें त्याच्या नांवाचें पहिलें ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालें. त्यांतील पहिलीच चीज 'डोना ली'. ही १९४७ ची, चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनवर गाजलेली, तानांनीं गच्च भरलेली. ती यानें बासवर घेतली, आणि साथीला कोण, तर काँगा नांवाचे ढोल वाजविणारा डॉन अलायस एकटा. पियानो नाहीं, गिटार नाहीं. वरची तान, खालचा मूळ स्वर व मधला स्वरसंघात, हें सर्व श्रोत्याला त्या चार तारांवरून समजून घ्यावें लागतें. आणि तें समजतें, हेंच नवल. त्याच संग्रहांत 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' नांवाची एक अगदीं निराळी, लहानशी चीज आहे. तिच्यांत तो तारेला दाबीत नाहीं. ठरलेल्या जागीं नुसता बोटाचा स्पर्श करितो व तारेच्या पोटांतले वरचे स्वर बाहेर काढतो. तंबोरा नीट जुळला म्हणजे खर्जाच्या तारेंतून कोणीं न छेडलेला गंधार आपोआप ऐकूं येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतों. त्याच जातीच्या स्वरांची संपूर्ण चीज या मनुष्यानें बांधली आहे. आजोबांनीं जॅकोचें दुसरें कांहीं ऐकूं नये असें वाटल्यास न ऐकावें. ही अडीच मिनिटें मात्र डोळे मिटून ऐकावीं.

मायामी येथें झाविनुलला गांठून या पोरानें आपण जगांतला सर्वांत मोठा बासवादक असल्याचें तोंडावर सांगितलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. (माझ्या वर्गांत असतां तर बाकावर उभा राहिला असता.) झाविनुलनें प्रथम त्याला झिडकारलें, नंतर त्याचें वादन ऐकलें, आणि १९७६ मध्यें संघांत घेतलें. दुसऱ्या वर्षीं, १९७७ मध्यें, 'हेवी वेदर' निघालें. त्यांतील तीन चिजा नातवानें आजोबांस लागोपाठ ऐकवाव्या, कारण वादाचा निकाल त्यांच्यांतच आहे.

'बर्डलँड' मध्यें आरंभींचा एक मुखडा इतका उंच व निर्मळ आहे कीं तो कोणत्या तरी गिटारीचा असावा असें वाटतें. तो बासचाच आहे. उजव्या हाताचा अंगठा तारेला हलकासा टेकून त्याच हाताच्या बोटानें छेड काढली म्हणजे असा स्वर मिळतो. 'टीन टाउन' ही जॅकोचीच रचना. तींत मुख्य गत सबंध बासवर आहे, आणि ड्रमहि त्यानें स्वतःच वाजविले आहेत. पण माझें मन बसलें तें तिसऱ्या चिजेवर. 'ए रिमार्क यू मेड' ही झाविनुलची विलंबित रचना; तींत सॅक्सोफोन एक वाक्य बोलतो, बास त्याचें उत्तर देते, कधीं दोघें एकच वाक्य मिळून म्हणतात, आणि हें चालू असतांना खालचा आधार कोठेंहि सुटत नाहीं. गतीचा चमत्कार येथें कांहींच नाहीं. संथ लयींत एक स्वर धरून ठेवणें व त्याला हळूच झुकविणें एवढेंच आहे. ज्या श्रोत्यांस ठुमरींतील एका स्वरावरचा ठहराव कळतो त्यांस हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

त्याच १९७६ सालीं जोनी मिचेल या गायिकेच्या 'हेजिरा' या गीतसंग्रहांतील चार गाण्यांस जॅकोनें साथ केली. तेथें ही बास गाणारीच्या पाठोपाठ अशी फिरते, तिच्या ओळीचा शेवट उचलून आपला एक उद्गार अशी काढते, कीं आपल्या जुन्या सारंगियांची आठवण व्हावी. साथ करणारा पुढें आला म्हणजे त्यानें साथ सोडली असा अर्थ होत नाहीं, हें या चार गाण्यांवरून उघड होतें.

आमच्या पिढींत व्याकरण घोकून घेत, त्याचा येथें उपयोग करितों. तत्पुरुष समासांत एक पद प्रधान असतें व दुसरें त्याच्या सेवेला असतें. द्वंद्वांत दोन्ही पदें सारखीं प्रधान असतात. जुन्या जॅझमधलें बास हें तत्पुरुषांतलें पूर्वपद होतें. आजोबा तेंच धरून बसले आहेत. नातवाला वाटतें कीं आतां पदांची अदलाबदल होऊन बास उत्तरपद झाली. पण अदलाबदल झाली तरी समास तत्पुरुषच राहिला! जॅकोनें केलें तें याहून निराळें: त्यानें द्वंद्व साधला. आधार देणारा व गाणारा असे दोघे एकाच हातांत नांदविले. म्हणून नातवाचें म्हणणेंहि अर्धेंच खरें आहे.

पदांची अदलाबदल करणारे वादकहि थोर होते, त्यांस कमी लेखण्याचा हेतु नाहीं. फिलाडेल्फियाचा स्टॅन्ले क्लार्क, जन्म १९५१ चाच, हा कोरियाच्या 'रिटर्न टु फॉरेव्हर' मध्यें होता. त्याच्या १९७६ च्या 'स्कूल डेज' मध्यें बास उघडउघड मुख्य वाद्य आहे. पुढें तर त्यानें एक सप्तक वर मिळविलेली 'पिकोलो' बास वापरली. लांकडी बासवर तयार झालेला त्याचा हात विलक्षण आहे. परंतु बास इतकी वर चढली म्हणजे खालची जागा दुसऱ्या कोणीं तरी भरावी लागते. दुसरी वाट लॅरी ग्रॅहमची. आईच्या लहानशा संघांत तो वाजवीत असतां तेथें ड्रमवादक उरला नाहीं. तेव्हां ड्रमची उणीव भरून काढण्यासाठीं तो अंगठ्यानें तारेवर ठोका मारूं लागला व बोटानें तार ओढून सोडूं लागला. गरजेंतून निघालेली ही थाप पुढें जगभर पसरली. न्यूयॉर्कच्या मार्कस मिलर यानें तिला गाण्याचें वळण दिलें; माइल्स डेव्हिसच्या १९८६ च्या 'टुटु' मधील बहुतेक रचना त्याच्याच आहेत. हल्लीं मात्र कित्येक मुलें ही थाप म्हणजेच बासवादन असें समजून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठोकीत बसतात. रेला म्हणजेच तबला असें समजणाऱ्या विद्यार्थ्यास उस्ताद ठेक्याला बसवितात. तीच मात्रा येथें लागू आहे. लॅरी ग्रॅहमनें ठोका शोधला तो लय सांभाळण्यासाठीं, ही गोष्ट त्याचे अनुयायी विसरले.

साथीचें वाद्य पुढें आलें म्हणजे खालीं कोण बसतो, हा प्रश्न आपल्याकडेहि सुटलेला आहे. एकल तबलावादन चालतें तेव्हां सारंगी किंवा हार्मोनियम एकच लहरा तासभर वाजवीत राहते. एरवीं जी गाण्याबरोबर फिरावयाची ती तेव्हां मात्रा मोजून देते. कोणी तिला कमीपणा मानीत नाहीं. आणि सारंगीची स्वतःची कथा तर फार जुनी नाहीं. पंडित रामनारायण यांनीं १९५४ मध्यें मुंबईस केवळ सारंगी ऐकविण्याचा प्रयत्न केला, तेव्हां पुढच्या नामांकित कलावंतांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनीं त्यांस व्यासपीठावरून उठविलें. दोन वर्षांनीं त्यांचें एकल वादन रसिकांनीं मान्य केलें, आणि पुढें साऱ्या जगानें तें ऐकलें. त्या पहिल्या सभेंतले श्रोतेहि "हें साथीचें वाद्य" असेंच म्हणत असतील. आजोबा त्या बाजूला बसतील असें मला वाटत नाहीं; रामनारायण त्यांनीं खात्रीनें ऐकले असतील.

जॅकोच्या अखेरीविषयीं लिहिणें भाग आहे, कारण वडील मंडळी तीच गोष्ट मुलांच्या तोंडावर फेंकतात. १९८२ च्या आरंभीं त्यानें वेदर रिपोर्ट सोडला. त्याच वर्षाच्या शेवटीं त्याला मनाच्या एका विकाराचें निदान झालें, ज्यांत रोगी कांहीं काळ अनावर उन्मादांत व कांहीं काळ खोल विषादांत असतो. इंग्रजींत त्याला बायपोलर म्हणतात. दारूनें त्यांत भर घातली. जो मनुष्य हजारों श्रोत्यांपुढें वाजवीत असे, तो न्यूयॉर्कच्या उद्यानांत बेघर होऊन राहूं लागला. १९८६ मध्यें ती बिनपडद्याची बास चोरीस गेली; ती पुष्कळ वर्षांनीं सांपडली, पण त्याला नव्हे. १९८७ च्या सप्टेंबरांत फ्लोरिडांतील एका क्लबांत शिरूं पाहतांना त्याला जबर मारहाण झाली, आणि २१ तारखेला तो वारला. वय ३५. आई, वडील, मुलें सर्व होतीं.

"पाहा, असल्या वाद्यांच्या नादानें असें होतें" हें वाक्य मीं पुष्कळांच्या तोंडून ऐकलें आहे, आणि तें मला मुळींच पटत नाहीं. हा विकार वकिलास होतो, शिक्षकास होतो, घरांत बसलेल्या गृहिणीसहि होतो. त्याला औषध आहे. तें वेळेवर व नियमानें घ्यावें लागतें, आणि तें घेतलें जातें कीं नाहीं हें पाहणारें माणूस जवळ लागतें. कलावंताच्या लहरीपणांत उन्माद सहज खपून जातो, त्याच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी लोक हंसून सांगतात, आणि उपचारास उशीर होतो. दोष द्यावयाचा तर याला द्यावा. ज्या घरांत चौदा माणसें आहेत तेथें एखादा मुलगा रात्र रात्र झोंपत नाहींसा झाला तर कोणाच्या तरी लक्षांत येईल. त्या वेळीं त्याचें वाद्य काढून घेऊं नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावें.

आपल्या प्रांतांतहि हें वाद्य आतां परकें राहिलेलें नाहीं. मुंबईंत १९९६ मध्यें जन्मलेली मोहिनी डे ही बंगाली घरची मुलगी बासवादक वडिलांपाशीं शिकली आणि लहान वयांतच देशोदेशींच्या नामांकित वादकांबरोबर बसूं लागली. २०२३ मध्यें तिचा स्वतःच्या नांवाचा संग्रह निघाला. दाक्षिणात्य पद्धतीचे तालाचे बोल तोंडानें म्हणत तेच बोल ती बासवर जसेच्या तसे उतरविते. तिचा वेग पाहून मुलें थक्क होतात. मला त्या वेगाखालची मात्रा ऐकावीशी वाटते, आणि ती ढळत नाहीं.

आतां पत्रांत नसलेले, पण ज्यांच्या घरीं बास यावयाची आहे त्यांना पडणारे दोनतीन प्रश्न. पहिलें वाद्य पडद्यांचेंच घ्यावें. जॅकोनें पडदे काढले ते कान तयार झाल्यावर. कान नसतां पडदे काढणें म्हणजे तंबोरा न जुळवितां गावयास बसणें. नेहमींच्या बासची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत ३४ इंच असते; बारातेरा वर्षांच्या मुलाच्या बोटांस ती लांब पडते, तेव्हां त्याला ३० इंचांची आंखूड बास घेऊन द्यावी. चार तारा पुष्कळ झाल्या. पांच व सहा तारांचा मोह पहिल्या दोन वर्षांत नको. रोजच्या सरावांत निम्मा वेळ मेट्रोनोमबरोबर नुसते मूळ स्वर वाजविण्यांत जावा. तेवढ्यापुरते आजोबांनीं जवळ बसून हातावर टाळी धरिली तर मेट्रोनोमचीहि गरज नाहीं. आणि वाड्यांत अगर चाळींत राहणाऱ्यांनीं रात्रीं हेडफोन लावूनच वाजवावें. मंद्र स्वर वाद्याजवळ मंद वाटतो, पण तो भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या उशाशीं जातो. ट्रंपेट दार लावल्यावर थांबते, बास थांबत नाहीं.